क्लबचं सदस्यत्व नसताना मुंबईत गोल्फ कुठे आणि कसं सुरू करावं?

चेंबूरला राहता, रोज गोल्फ क्लबच्या भिंतीकडेने जाता, आत ओळखीचं कुणी नाही, वय पस्तिशीच्या आसपास. तर शिकायचं कुठे, काय विकत घ्यायचं आणि महाराष्ट्रात आणखी कुठे खेळता येईल, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं की सदस्यत्वाचा विषय दोन वर्षं बाजूला ठेवा. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे चेंडू मारायच्या सराव-मैदानावर शिका, पहिले होल (चेंडू एका खड्ड्यापर्यंत न्यायचा एकेक टप्पा) खारघरला खेळा, आणि सुरुवात पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर करा.

मुंबई शहरातले तिन्ही कोर्स, म्हणजे गोल्फची मैदानं, क्लबांचे आहेत. तुमच्या शेजारचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा, पूर्ण १८ होलचा. ताडदेवचा विलिंग्डन जुना आणि आटोपशीर, पण तिथलं सदस्यत्व बाहेरच्या माणसाला मिळणं जवळपास अशक्य. कुलाब्याच्या टोकाचा यू.एस. (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब नौदलाच्या हद्दीत, समुद्राच्या वाऱ्यात. या ठिकाणी तुम्ही जाल ते कुणा सदस्याचे पाहुणे म्हणून. पाहुण्यांचे वार, वेळा आणि फी वेगळी असते, आणि तिथे गेल्यावर मागून खेळत येणाऱ्या चौघांना खोळंबून ठेवलंत तर त्या सदस्याला ऐकून घ्यावं लागतं. म्हणून आधी हात बसू द्या.

खारघरचा कोर्स सिडकोचा. डोंगरांच्या कुशीत, सेंट्रल पार्कला लागून, आणि पैसे भरून कुणालाही खेळता येतो. सामान्य माणसाला गोल्फचं दार उघडं ठेवणारी ही जागा आहे, तिचा जरूर फायदा घ्या. हा कोर्स ११ होलवर सुरू झाला आणि पुढे १८ होलसाठी वाढवायचं काम हाती घेतलं गेलं; त्यामुळे निघण्याआधी फोन करून किती होल खुले आहेत आणि शनिवार-रविवारी नवख्यांना कुठली वेळ देतात, हे विचारा. शक्यतो मधल्या वारी सकाळी पहिली वेळ घ्या. नऊनंतर ऊन आणि दमट हवा दोन्ही अंगावर येतात.

आता सामान. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ स्टिक चालतात, तुम्हाला सहा पुरतात: लांब मारायला एक हायब्रिड, मधल्या अंतराला ७ आणि ९ नंबरचं आयर्न, जवळून उंच मारायला पिचिंग वेज, वाळूतून काढायला सँड वेज, आणि शेवटी चेंडू होलकडे घरंगळवायला पटर. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक, सध्या नकोच. चेंडू उजवीकडे वळायची सवय त्यानेच पक्की होते. नवा सेट घेऊ नका, वापरलेला अर्धा सेट घ्या. घेताना तीन गोष्टी बघा. ग्रिप (मुठीवरचं आवरण) अंगठ्याने दाबा. कडक आणि चकचकीत झाली असेल तर बदलण्याचा खर्च धरा. स्टिक कानाजवळ धरून हलवा. आत खडखड वाजलं तर स्टिकच्या डोक्याच्या सांध्यातलं इपॉक्सी (चिकटवायचा गोंद) सुटलेलं असू शकतं. आणि स्टीलची दांडी जिथे डोक्यात शिरते तिथला गंज बघा, मुंबईच्या खाऱ्या हवेत तो तिथेच आधी धरतो. घेतल्यावर सेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीतल्या उष्णतेने तेच इपॉक्सी मऊ पडतं.

हातमोजे दोन घ्या, आलटून-पालटून घाला. घामाने ग्रिप निसटायला लागली की माणूस नकळत मूठ आवळतो, मनगट अडतं आणि चेंडू आखूड पडतो. ग्रिप महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. "दमट हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो" असं रेंजवर नेहमी ऐकाल. ते खरं नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. अंतर खातात ती ओली ग्रिप, ओलं गवत, आणि पडल्यावर न घरंगळणारा चेंडू.

प्रशिक्षकाचे आठ-दहा तास घ्याच. पकड, उभं राहणं आणि चेंडूची जागा या तिन्हीत बसलेली खोड नंतर काढायला फार वेळ लागतो. सरावात निम्मे चेंडू ७ नंबरने मारा, उरलेले वेजने ३० ते ५० यार्डांवर. बहुतेक नवखे सरावाच्या चेंडूंची सगळी बादली लांब मारण्यात रिकामी करतात, मग कोर्सवर ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कडेला चार-चार फटके घालवतात. रेंजचे चेंडू झिजलेले असतात आणि अनेकदा मुद्दाम कमी जाणारे असतात, म्हणून तिथलं अंतर कोर्सवर तसंच धरू नका.

गवताकडे मात्र नीट लक्ष द्या, आपल्याकडचा खेळ त्यानेच ठरतो. बहुतेक कोर्सवर बर्म्युडा असतं, गणपतीला वाहतो त्या दूर्वेच्याच घराण्यातलं. ते आडवं पसरतं, म्हणून ग्रीनवर त्याच्या पात्यांना दिशा असते. पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) मारण्याआधी होलकडे बघा: समोरचं गवत चकाकतं दिसलं तर पाती तुमच्यापासून दूर झुकलेली आहेत, चेंडू जोरात जाईल, गडद, मंद दिसलं तर पाती तुमच्याकडे, चेंडू अडेल. खात्री नसेल तर होलच्या कडेशी वाका. एका बाजूची कड कापल्यासारखी स्वच्छ, तर दुसरी थोडी झडलेली, तपकिरी दिसते. गवत त्या झडलेल्या बाजूकडे वाढतंय. पावसानंतर ऑक्टोबरात ग्रीन दाट आणि संथ असतात, फेब्रुवारीत त्याच पटला चेंडू बराच पुढे जातो.

हे गवत आडव्या धाग्यांनी जखम भरून काढतं, म्हणून फटक्यात उडालेला तुकडा परत लावण्यापेक्षा खड्ड्यात वाळू भरणं चांगलं. ग्रीनवर चेंडूने पडलेला खळगा कडेकडून मध्ये ढकलत बुजवा. खालून उचकटलंत तर मुळं तुटतात आणि तिथे टक्कल पडतं.

पावसाळ्यात खेळायची वेळ आलीच तर तीन नियम पाठ हवेत. फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) किंवा रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला, तर दंड न घेता त्याच्या लगेच मागच्या जागेपासून एका स्टिकच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून टाकता येतो. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात रुतला तर ही सवलत नाही. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका आहे, पण बंकरभर पाणी असेल आणि बाहेर यायचं असेल तर एक फटका दंड. चेंडू शोधायला २०१९ पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. ओल्या जमिनीवर एक नंबर कमी असलेली, म्हणजे जास्त लांब मारणारी स्टिक घ्या, चेंडू किंचित मागच्या पायाकडे ठेवा आणि आधी चेंडूलाच लागू द्या. जमीन आधी लागली की सगळी ताकद चिखलात जाते. वीज चमकली तर स्टिक ठेवून सरळ आत जा.

कॅडी, म्हणजे पिशवी उचलणारा आणि सल्ला देणारा सोबती घ्या, पहिल्या वर्षी तर नक्की. दर कॅडीमास्टरकडे आधी विचारून घ्या. चेंबूरसारख्या ठिकाणी आसपासच्या वस्तीतली ही माणसं लहानपणापासून कोर्सवर असतात, त्यांच्यातले काही फार उत्तम खेळतात. कुठला पट किती वळेल हे त्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलं तसंच मारून बघा.

मुंबईबाहेर खरा गोल्फ आहे तो पुण्यात. येरवड्याला पूना क्लबचा जुना कोर्स, तुलनेने सपाट, झाडांच्या रांगांमधून सरळ मारायला लावणारा. बावधनचा ऑक्सफर्ड डोंगरउतारावर, तिथे चेंडू बहुतेक वेळा पायांच्या पातळीच्या वर किंवा खाली असतो. पायांच्या वर असेल तर उजवा खेळाडू तो डावीकडे ओढतो, तेव्हा नेम थोडा उजवीकडे धरा आणि स्टिक खाली पकडा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे १५० यार्डांच्या फटक्याला तीनेक यार्ड जास्त मिळतात. हिवाळ्यात जमीन कडक असल्याने घरंगळणं त्याहून कितीतरी जास्त. टोकियो ऑलिम्पिकला खेळलेला उदयन माने पुण्याचाच. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीचा कोर्स आहे. राज्यातल्या लष्करी छावण्यांतही कोर्स आहेत, पण तिथे सैन्यातल्या ओळखीशिवाय सोय होत नाही. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या नावावर मात्र जाऊ नका, तिथे क्रिकेट आणि सकाळचं फिरणं चालतं.

सलग नऊ होल सव्वादोन तासांत, मागच्यांना न अडवता पूर्ण व्हायला लागले की हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांच्या आकड्याचं बघा. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत तो ५४ पासून सुरू होऊ शकतो, आणि पहिल्या नोंदीला एकूण ५४ होलचे गुण लागतात, ९-९ होलचे तुकडे चालतात. प्रत्येक कार्डावर सोबत खेळणाऱ्याची सही घ्या. अनेक क्लब पाहुण्याकडे हँडिकॅपचा दाखला मागतात.