दुसऱ्या महायुद्धातल्या डॉज डब्ल्यूसी-52 या लष्करी ट्रकला टाटा 407 चं इंजिन आणि नवीन एक्सल बसतील का? कोणते घ्यावेत?

इंजिन बसतं. एक्सलचं डोक्यातून काढून टाका. एवढंच हवं असेल तर इथंच थांबलात तरी चालेल, पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की "सध्या फक्त मागचं हाऊसिंग बदलतो, पुढचं नंतर बघू" (हाऊसिंग म्हणजे अख्खा एक्सल), आणि हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून जसंच्या तसं ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्याकडं आजोबांनी डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्करानं काढलेल्या मालात घेतलेला डॉज आहे. तुमचा विंचवाला (पुढं दोर गुंडाळून ओढायचं यंत्र असलेला) 52, आमचा बिनविंचचा 51, बाकी गाडी तीच. मूळचं टी-214 इंजिन, म्हणजे साइड वाल्वचं सहा सिलिंडर, 3.8 लिटर, 92 हॉर्सपॉवरचं पेट्रोल, आमच्या पिढीनं बघितलेलंच नाही, कारण आजोबांनीच ते उतरवून पर्किन्स पी-6 डिझेल टाकलं होतं. तेव्हा ते सर्रास चालायचं, कुर्ल्याला प्रीमियरवाले डॉज-फार्गो ट्रक बनवायचे त्यातही पर्किन्स यायचं, त्यामुळं मिस्त्री आणि पार्ट दोन्ही मिळायचे. म्हणजे इंजिन बदललं की गाडी बाटली असं म्हणणाऱ्यातला मी नाही. ती गाडी डिझेलवर लाकडं, विटा, ऊस सगळं ओढत आली आणि खाली दोन्ही हाऊसिंग महायुद्धातलीच.

पुढं पी-6 थकलं, पार्ट मिळेनात, तेव्हा दाजी म्हणाले 407 चं 497 इंजिन टाकू. मी म्हटलं टाका की. चार सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर, तीन लिटरला थोडं कमी, पार्ट तालुक्याला सुद्धा मिळतात, याला कोण नाही म्हणेल. पण दाजींनी भंगारातनं इंजिनाबरोबर 407 चं मागचं हाऊसिंगपण उचललं. का, तर गाडी पळत नाही. आता मूळ डॉजचा एक्सल रेशो 5.83, म्हणजे शाफ्टच्या तेवढ्या फेऱ्यांना चाकाची एक फेरी. 9.00-16 चा टायर एका फेरीत साधारण पावणेतीन मीटर जातो. टॉप गिअर डायरेक्ट, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा बॉक्स) सरळ, म्हणजे पेट्रोल इंजिन 3200 आरपीएमला फिरवलं की ताशी 88-90, आणि डिझेल 2200 ला आरामात चालवलं की साठ-बासष्ट. दाजींना हायवेला ऐंशी पाहिजे होते. कशाला ते विचारू नका, मळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मी म्हटलं, पुढचा रेशो मागच्याशी जुळला पाहिजे. दाजी म्हणाले, "पुढचा एक्सल काय रोज लागतोय का? लागला तर चिखलात लागतो, चिखलात सगळं खपतं." झालं, बसवलं.

रेशो असा मोजतात: चाकांना उटी लावा, हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला, एक चाक जमिनीवर, दुसरं जॅकवर. शाफ्टवर खडूनं रेघ मारायची आणि वरचं चाक पूर्ण दोन फेरे फिरवायचं, शाफ्ट जेवढे फेरे मारेल तो रेशो. मी दाजींच्या डोळ्यादेखत मोजला, पाचाच्या जरा आतच भरला. म्हणजे शाफ्ट तेवढाच फिरला तर मागचं चाक सहा फेरे मारणार तेव्हा पुढचं पाच. त्यावर दाजींचं उत्तर, मागं 407 चेच 7.50-16 टायर आहेत, ते लहान आहेत, हिशोब फिटतो. फिटत नाही हो. टायर शेकडा दहानं लहान, रेशोचा फरक वीसचा, आठ-नऊ टक्के उरतातच. वर रेशोनं जो वेग मिळवला त्यातला निम्मा लहान टायरनं परत घालवला, आणि स्टेपन्या दोन, एक पुढची एक मागची. एवढा खटाटोप कशासाठी केला ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

पावसाळ्यात विटा भरलेली गाडी मळ्याच्या वाटेला रुतली, ड्रायव्हरनं पुढचा लावला, गाडी निघाली, आणि तसाच तो डांबरीवर आला. चिखलात चाक घसरून फरक जिरतो, डांबरीवर तो जाणार कुठं? शाफ्टला पीळ बसत जातो. स्टेअरिंग दगडासारखं झालं, पुढचा लिव्हर निघेना, मग त्यानं रिव्हर्सला हिसका दिला (पीळ काढायची पद्धत तीच आहे, त्याचं काही चुकलं नाही), आणि ट्रान्सफरचं केसिंग खालून उकललं. सगळं तेल रस्त्यावर. कोल्हापुरात उद्यमनगरात केसिंग शिवून मिळालं, पण आतला गिअर बनवून घ्यायला जे पैसे लागले त्यात दुसरं 497 आलं असतं. दाजी अजून म्हणतात ड्रायव्हरची चूक.

तुम्ही म्हणाल मग दोन्ही हाऊसिंग बदलतो, एकाच रेशोची. अमेरिकेत लोक डेना 60 एक्सल आणि कमिन्स 4बीटी डिझेल इंजिन घालतात, ते व्हिडिओ तुम्ही बघितलेच असणार. पण डॉज 51-52 च्या ट्रान्सफरला लो-रेंज (जास्त ताकदीचा हळू टप्पा) नाहीये, ती फक्त सहाचाकी 62-63 ला होती. चढाला जी ताकद मिळते ती खालच्या पहिल्या गिअरची आणि 5.83 ची. तिथं 4.1 घातलंत तर हायवेला नव्वद मिळतील आणि शेतात क्लच जाळाल. ट्रान्सफरही दोन रेंजचा घालणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग डॉजचं उरलं काय, बॉनेट?

इंजिनाचं थोडक्यात. गिअरबॉक्स डॉजचाच ठेवा, कारण तुमचा विंच गिअरबॉक्सच्या पीटीओवर (बाहेर ताकद काढायच्या जोडणीवर) चालतो, 407 चा बॉक्स घातला की विंच शोभेचा. मधे अडॅप्टर प्लेट करून घ्या आणि डायल गेज लावून सेंटर बघितल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नका. नजरेनं बसवतो म्हणणारा मिस्त्री असेल तर दुसरा बघा, नाहीतर इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागतं आणि गिअर उडतात. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा खोल भाग पुढच्या डिफवर (एक्सलच्या फुगीर गोळ्यावर) येतो का ते पाटे दाबून बघा, गाडी नुसती उभी असताना कळत नाही. वायरिंग सहा व्होल्टची असेल तर सगळी बाराची करावी लागेल.

हां, एक राहिलंच. ब्रेकसाठी हाऊसिंग बदलत असाल तर मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एकच सर्किट, बूस्टर नाही, ड्रम 1940 च्या जमान्यातले, लोडवर साठच्या पुढं मला स्वतःला भीती वाटते. पण मग दोन्ही बदला, आणि मास्टर सिलिंडरही त्या मापाचा घ्या, नाहीतर पेडल खाली जातं.

आणि आरटीओ. 2021 च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हीए सीरिजमध्ये व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, फी 20,000 रुपये, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे 497 घातलंत की तो रस्ता बंद, आणि कलम 52 खाली इंजिन बदलायची परवानगी आधी घ्यावी लागेल ती वेगळीच. हे खरं तर वरच लिहायला पाहिजे होतं. तुमचं टी-214 जाम आहे की नुसतं बंद आहे ते प्रश्नात लिहिलेलं नाही. नुसतं बंद असेल तर आधी प्लगच्या भोकातनं तेल सोडून आठवडाभर ठेवा आणि हँडल मारून बघा, फिरलं तर माझं वरचं सगळं विसरा आणि पेट्रोलवरच चालवा.

फोटो टाकाल तर गाडीखालून ट्रान्सफरचा आणि दोन्ही डिफचा टाका, बाहेरनं डॉज कसा दिसतो ते मला पाठ आहे.