वाचकांचे प्रश्न : रक्तदाब पडायची वाट पाहू नका

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा, दोन दिवस जुलाब-उलट्या. वरचा रक्तदाब ८८ भरला, म्हणून मी ‘स्थिर’ असं लिहिलं. डॉक्टरांनी मात्र हात लावताच ‘हा शॉकमध्ये आहे’ म्हणून सलाईन सुरू करायला सांगितलं. माझं मोजमाप चुकलं का?

उत्तर : मोजमाप बरोबर असेल, विसंबणं चुकलं. शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं. शरीरातलं पाणी कमी झालं की मुलाच्या रक्तवाहिन्या जोरात आवळतात, हृदय धावायला लागतं आणि रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. एक ते दहा वर्षांच्या मुलासाठी वरच्या रक्तदाबाची किमान मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट. म्हणजे या मुलाची ७८. आकडा त्याखाली जातो तेव्हा मूल आधीच काठावर पोचलेलं असतं. शॉक त्याच्या खूप आधी हाताला कळतो.

तळव्यापासून वर हात फिरवत न्या. गारवा कुठे संपतो? घोट्याशी की गुडघ्याशी? तो वर सरकत असेल तर मूल बिघडतंय. मग छातीच्या मधल्या हाडावर बोटाने ५ सेकंद दाबा, सोडा आणि पांढरा पडलेला ठसा पुन्हा रंगायला किती वेळ लागतो ते मोजा. २ सेकंदांपर्यंत ठीक, ३ च्या पुढे गेला तर हाक मारा. बोटाच्या टोकावर पाहत असाल तर हात हृदयाच्या पातळीला उचलून धरा. खाली लोंबत्या हातात रक्त आपसूक उतरतं आणि फसवतं. गार खोलीतही बोटं फसवतात, म्हणून आमची पसंती छातीला. सोबत मनगटाची नाडी किती भरलेली लागते, शेवटची लघवी कधी झाली आणि मूल आईकडे पाहतं का, हेही लिहा. आणि कफ (रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायचा पट्टा) तपासा. दंडाला लहान पडणारा कफ रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो.

एक अपवाद ध्यानात असू द्या. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये काही मुलांचे हातपाय उलट गरम लागतात, नाडी उड्या मारते आणि ठसा क्षणात रंगतो. गरम तळवे म्हणजे सुटलो, असं नव्हे.

सलाईनचा हिशोब असा : वजन करायला सवड नसेल तर वयात ४ मिळवून दुप्पट करा, म्हणजे १६ किलो. (हे सूत्र एक ते दहा वर्षांपुरतं, उंचीनुसार वजन सांगणारी पट्टी हाताशी असेल तर तीच वापरा.) किलोला १० मिली सांगितलं तर १६० मिली. ठिबकने ते रेंगाळतं; थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून २० मिलीच्या सिरिंजने ओढा-ढकला, आठ वेळा. मोजणी मोठ्याने करा, नाहीतर पाचवी की सहावी यावर वाद होतो.

अशा प्रत्येक खेपेनंतर (इथे १६० मिली) थांबून पुन्हा तपासा. श्वास वाढला, छातीत बुडबुडे ऐकू आले किंवा यकृताची कड आधीच्या खुणेखाली उतरली, तर पुढची खेप रोखा आणि कळवा. ती खूण सुरुवातीलाच पेनाने करून ठेवावी. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक तापाच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झटपट सलाईन मिळालेल्या गटात मृत्यू जास्त होते. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती आणि पोटाच्या आजाराने पाणी गेलेली मुलं अभ्यासातून वगळलेली होती, त्यामुळे तो निष्कर्ष तुमच्या रुग्णाला सरळ लागू होत नाही. पण ‘शॉक दिसला, ओता’ ही सवय तेव्हापासून मोडायला लागली. तीव्र कुपोषित मुलाच्या बाबतीत तर हात फारच आखडता ठेवावा लागतो.

शीर सापडत नसेल तर टोचत बसू नका. दोन प्रयत्न फसले की सलाईनसाठी नडगीच्या हाडात सुई घालण्याची तयारी मांडा. गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या किंचित खाली, आतल्या बाजूच्या सपाट भागात. त्याच हाडाला फ्रॅक्चर असेल तर तो पाय सोडा.

प्रश्न : सहा महिन्यांच्या बाळाला अँबू बॅगने (मास्क लावून हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देताना छाती वर येत नव्हती. बॅग जोराने दाबली तरी उपयोग झाला नाही.

उत्तर : जोर लावणं हा बहुधा सगळ्यात वाईट उपाय. हवा पोटात जाते, पोट फुगतं, छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो आणि छाती आणखीच हटून बसते.

आधी मान पाहा. बाळाचं डोकं मागून मोठं, त्यामुळे उताणं ठेवलं की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासमार्ग मुडपतो. खांद्याखाली घडी केलेला पातळ टॉवेल सरकवा, चेहरा सरळ छताकडे. मान जास्त मागे वाकवली तरी मार्ग बंदच होतो. मग तुमची बोटं पाहा : ती जबड्याच्या हाडावर हवीत. हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली तर जीभ वर ढकलली जाते. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत बसावा, डोळ्यांवर चढू नये. तरीही गळत असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने बॅग दाबावी. तोंडात स्राव असेल तर सक्शन करा (नळीने ओढून काढा).

बॅग इतकीच दाबा की छाती जेमतेम उचललेली दिसेल. दर २ ते ३ सेकंदांना एक श्वास. एवढं करूनही नाडी ६० च्या खाली आणि अंग फिकट असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. दोघं असाल तर १५ दाबांना २ श्वास.

प्रश्न : दम लागलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६८ वरून ३४ वर आले, बाळ शांत झालं. नातेवाईक खूश होते. सिस्टर मात्र धावल्या. का?

उत्तर : कारण बाळ बरं झालं नव्हतं, थकलं होतं. सुधारणारं बाळ श्वास कमी होताना दूध मागतं, इकडेतिकडे बघतं. थकलेलं बाळ लोळागोळा होतं, मान डोलते, छातीत हवा जाण्याचा आवाजच मंदावतो. प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणं असेल तर फुप्फुसं मिटू नयेत म्हणून बाळ स्वतःच धडपडतंय असं समजा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की तान्ह्या बाळात हमखास चुकतं. आणि मोजा ते हात लावण्याआधी, आईच्या मांडीवर असतानाच.

प्रश्न : झटके येणाऱ्या मुलात आधी काय?

उत्तर : कुशीवर वळवणं, ऑक्सिजन आणि लगेच रक्तातली साखर तपासणं. झटके पाच मिनिटांवर गेले तर औषध लागणार, तेव्हा घड्याळ पाहून सुरुवातीची वेळ लिहा. साखर ४५ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली (कुपोषित मुलात ५४) असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) किलोला ५ मिली शिरेतून, अर्थात तुमच्या विभागाचा लेखी आदेश वेगळा असेल तर तोच पाळा. १० टक्क्यांची बाटली नसेल तर २५ टक्क्यांचे दोन भाग आणि इंजेक्शनचं पाणी तीन भाग. २५ टक्के तसंच लहान शिरेत देऊ नका, शीर जळते. १५ ते ३० मिनिटांनी साखर पुन्हा पाहा आणि दुसऱ्या हाताच्या बोटातून, कारण डेक्स्ट्रोज चालू असलेल्या हातातला आकडा खोटा चढतो.