डॉक्टरांना विचारा : अँटिबॉडीचा डोस चौथ्या आठवड्यात कमी पडतो?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची, वजन 25 किलो. सीव्हीआयडीमुळे (शरीरात पुरेशा अँटिबॉडी न बनण्याचा आजार) दर 4 आठवड्यांनी शिरेतून 10 ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून मिळवलेल्या अँटिबॉडी) देतात. तीन आठवडे ठणठणीत असते, चौथ्यात गळून जाते, नाक चोंदतं. आयजीजीचा (रक्तातल्या मुख्य अँटिबॉडीचा) रिपोर्ट मात्र नॉर्मल आहे.

उत्तर : रक्त कोणत्या दिवशी घेतलं होतं? डोसनंतर आठवड्याभरात तपासलं, तर आकडा चांगलाच येणार. बाहेरून दिलेलं आयजीजी साधारण 3 आठवड्यांत निम्मं होतं, म्हणून पुढची बाटली लावण्याआधी, त्याच दिवशी नमुना घ्या. ही ट्रफ लेव्हल, म्हणजे दोन डोसांमधली सर्वांत खालची पातळी. तीही केवळ नॉर्मल असून भागत नाही. कुणाला लिटरला 7 ग्रॅम पुरतात, कुणाला 9 लागतात. ज्या पातळीवर न्यूमोनिया आणि छातीचे संसर्ग थांबतात, ती तिची पातळी.

सध्याचा डोस किलोमागे 400 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या 400 ते 600च्या खालच्या टोकाला. डोस वाढवता येतो किंवा अंतर 3 आठवड्यांवर आणता येतं. तिसरा मार्ग त्वचेखालून घरीच देण्याचा : तेच 10 ग्रॅम चार भागांत, आठवड्याला 2.5 ग्रॅम; 20 टक्क्यांच्या द्रावणाचे 12.5 मिलि. पातळी जवळपास सपाट राहते, चौथ्या आठवड्याची मरगळ टळते. अशा तक्रारीत मला हाच मार्ग बरा वाटतो, अर्थात मुलीची सुईला तयारी हवी.

पण सगळी सर्दी थांबेल ही अपेक्षा नको. बाटलीत जवळपास सगळं आयजीजीच असतं. नाका-घशाच्या अस्तरावर पहारा देणारी दुसरी अँटिबॉडी, आयजीए, त्यातून मिळत नाही. हिरवा-पिवळा कफ टिकून राहिला तर अँटिबायोटिकआधी कल्चरला (जंतू ओळखण्याच्या तपासणीला) द्या, आणि औषध सुरू करायला रेंगाळू नका.

प्रश्न : इम्युनोग्लोब्युलिनचं सलाइन संपता संपता डोकं ठणकतं.

उत्तर : बहुतेकदा वेग जास्त असतो. 10 टक्क्यांचं द्रावण तासाला किलोमागे 0.5 मिलिने सुरू करून, सोसेल तसा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हलवून फेस आणू नका. त्या दिवशी ताप असेल तर आधी सांगा; संसर्ग अंगात असताना त्रास जास्त होतो. मान आखडली, उजेड सोसेना, धाप लागली, पाय सुजला किंवा लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांकडे.

प्रश्न : इम्युनोग्लोब्युलिन थेरपीनंतर हिपॅटायटिस बीची कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली!

उत्तर : ती बहुधा रक्तदात्यांची, बाटलीतून आलेली आहे. पीसीआरने विषाणूच शोधून खात्री करा.