सोलापुरात तळघर बांधून त्यावर कारखान्यात तयार झालेलं मॉड्युलर घर बसवता येईल का? पॅनेल आणि खिडक्या कुठल्या घ्याव्यात?

येतं. आम्ही विजापूर रोडला दोन मॉड्यूलचं, म्हणजे कारखान्यातून तयार आलेल्या दोन भागांचं, बसवलंय. पण तुम्ही पॅनेल कुठलं, खिडक्या कुठल्या असं सगळं वरचंच विचारलंय. पैसा आणि झोप खालच्या खड्ड्यात जाते.

आपली काळी माती मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पाऊस पडला की फुगून तळघराच्या भिंतीला आडवी रेटते. म्हणून भिंती आरसीसीच्याच, विटांच्या नकोत. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जा. आम्हाला सात फुटांवर खडक लागला, पुढे ब्रेकर, म्हणजे खडक फोडायचं यंत्र. वॉटरप्रूफिंग बाहेरून करा आणि भिंतीमागचा भराव मुरमाचाच घ्या. उकरलेली माती फुकटची म्हणून परत ढकलू नका. तळाला पाणी निचरायला भोकांचा पाइप, कोपऱ्यात सम्प, म्हणजे पाणी गोळा व्हायचा खड्डा, आणि पंप. पंप घेतला तेव्हा पाहुण्यांनी टिंगल केली, सोलापुरात कसलं पाणी! सप्टेंबरात, म्हणजे आपला खरा पाऊस येतो तेव्हा, रात्री दोनला तळघरात चपला तरंगत होत्या. पंप होता, लाइट नव्हती. आता तो इन्व्हर्टरवर आहे.

मग अँकर बोल्ट, म्हणजे घर खालच्या काँक्रीटला जखडणारे बोल्ट. कारखाना मिलिमीटरात बोलतो, आपला मिस्त्री सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. आमचे दोन बोल्ट पाऊण इंच सरकलेले. घर क्रेनला लटकतंय, बेसप्लेटची, म्हणजे घराच्या तळाच्या लोखंडी पट्टीची, भोकं जुळत नाहीत आणि क्रेनचं भाडं तासावर! शेवटी फॅब्रिकेटरनं भोकं गॅसनं वाढवली, वर जाड पट्टी वेल्ड केली. तुम्ही कारखान्याकडूनच बोल्टच्या जागा पक्क्या करणारं लोखंडी टेम्प्लेट मागवा, काँक्रीट ओतायच्या आधी बसवा आणि दोन्ही कर्ण सारखे आहेत का ते स्वतः टेप लावून मोजा. मिस्त्री रागावला तरी चालेल.

वेळ मात्र खरंच वाचतो. खाली काँक्रीट २८ दिवस पिकतंय तोवर तिकडे घर तयार होतं. मॉड्यूल २.६ मीटरपेक्षा रुंद घेऊ नका, रस्त्यावर वेगळी परवानगी लागते.

महापालिकेच्या नकाशात तळघरात बेडरूम दाखवू नका, राहण्याच्या खोलीला मंजुरी मिळत नाही. आमचं कागदावर स्टोअर आहे. वरचं पत्र्याचं छप्पर मे महिन्यात पफ पॅनेल (मध्ये फोम भरलेले पत्रे) असूनही तापतं, तेव्हा आई दुपारी ज्वारीच्या पोत्यांशेजारी चटई टाकते.

तुमच्या गल्लीची रुंदी आणि वरच्या विजेच्या तारांची उंची कळवा, क्रेन आत येईल का ते सांगतो.