वडाचं खोड पोकळ झालंय, तोडायचा का?

प्रश्न : आमच्या गावच्या पारावरचा वड आतून पोकळ झालाय. ढोलीत पोरं लपतात, पिंगळेही राहतात. कोणी म्हणतं तोडा, कोणी म्हणतं सिमेंट भरा. फोटो सोबत पाठवतोय. वाचेल का तो?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला मोठा वड मी पाहिलाय. खोड शोधत आत शिरलो, तर खोडच नाही! 1864 आणि 1867 च्या वादळांत झाड जखमी झालं, पुढे बुरशी लागली आणि 1925 साली मधलं खोड काढून टाकावं लागलं. तो आज नुसत्या पारंब्यांवर उभा आहे, अन् पसरतोच आहे.

झाडाचं पाणी सालीलगतच्या लाकडातून वर चढतं, त्यामुळे गाभा गेला म्हणून वड मरत नाही. भार पेलायला मात्र पारंब्या जमिनीत टेकायला हव्यात. तुमच्या फोटोत पाराभोवती सगळे पेव्हर ब्लॉक! पारंबीनं टेकायचं कुठं?

जड फांदीखालचे ब्लॉक उचला, हातभर खड्डा करून शेणखत-माती भरा. बांबू उभा चिरून गाठी काढा, शेणमाती भरून पारंबी मधोमध ठेवा आणि दोन्ही फाका केळीच्या सोपटानं, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीनं, बांधा. (केळीच्या रावेरात ते विकत घेतलंत तर लोक हसतील.) नायलॉन दोरी नको, पुढे सालीत रुतते. वरून ठिबकची नळी सोडा. आमच्या कॉलेजच्या बागेत पहिल्या खेपेला मी ठिबक लावलंच नाही. मे महिन्यात टोकं वाळून काड्या झाल्या. आमचे माळीआप्पा म्हणाले, "पानी नही दिधं ते कशी जगी, भाऊ?" पुढच्या खेपेला आषाढात बांधली, नळीही सोडली. तिसऱ्या वर्षी पारंबी मनगटाएवढी झाली.

सिमेंट अजिबात नको. झाड वाऱ्यानं हलतं, सिमेंट हलत नाही. फट पडून पाणी मुरतं आणि कुजणं वाढतं. वाळक्या फांद्या पावसाळ्याआधी जाणकाराकडून उतरवा. पोरांना ढोलीत जाऊ देऊ नका, साप असतात. पिंगळे राहू द्यात, तुमच्या खळ्यातले उंदीर तेच खातात.

आणि हो, उजव्या फांदीवर पिवळ्या पायांच्या पक्ष्यांची जोडी दिसतेय. हरियाल असावेत. जवळून टिपता आले तर पाठवा.