आपल्याच फुटबॉल क्लबवर टीका करणारा चाहता खरा चाहता नसतो का?

तुमच्या क्लबच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये चाललेल्या वादाबद्दल तुम्ही विचारलंय, आणि त्या प्रश्नात तीन भांडणं एकत्र आली आहेत. ग्रुपमधला एक गट म्हणतो मालकांना हाकला, दुसरा म्हणतो मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, वेळ द्या, आणि उरलेले सगळे मिळून एका डिफेंडरला (बचावपटूला) रोज शिव्यांची लाखोली वाहतात. त्यात कोणी वेगळं बोललं की 'मग तू खरा फॅनच नाहीस' हे उत्तर ठरलेलं. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलं आहे. माझं मत सांगतो. टीका करायचा चाहत्याला पूर्ण हक्क आहे, पण बहुतेक वेळा ती भलत्याच माणसावर होते. ज्याच्या हातात सगळ्यात कमी असतं त्यालाच सगळ्यात जास्त ऐकावं लागतं, कारण दर आठवड्याला तो डोळ्यांसमोर असतो. ज्यांनी निर्णय घेतले ते कॅमेऱ्यात फारसे दिसत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे.

मी आर्सेनलवाला, म्हणजे लंडनच्या आर्सेनल क्लबचा चाहता, म्हणून उदाहरण घरचंच घेतो. 2019 च्या जुलैत आर्सेनलच्या बऱ्याच चाहता संघटना, फॅनझीनवाले (चाहत्यांची मासिकं काढणारे) आणि पॉडकास्टवाले यांनी मिळून एक निवेदन काढलं. रोख होता मालक स्टॅन क्रोंके यांच्यावर. आदल्याच वर्षी त्यांनी क्लबची शंभर टक्के मालकी घेतली होती. क्लब भरकटत चाललाय, आम्हाला त्याची काळजी आहे, तुम्हाला आहे का, असा त्या निवेदनाचा सूर. मालकांचे चिरंजीव जॉश क्रोंके यांना त्यावर जाहीर उत्तर द्यावं लागलं.

त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला घरच्या मैदानावर क्रिस्टल पॅलेसशी सामना होता. पहिल्या दहा मिनिटांत 2-0 अशी आघाडी, मग तीही हातची गेली आणि झाले 2-2. 61 व्या मिनिटाला चौथ्या पंचांच्या फलकावर 34 हा आकडा झळकला, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा कर्णधार ग्रानिट झाका बाहेर. आणि त्याच्याच प्रेक्षकांनी जल्लोष केला. तो रमतगमत निघाला तशी त्या जल्लोषाची हुर्यो झाली. त्यानं दोन्ही हात वर करून 'अजून ओरडा' असा इशारा केला, कानामागे हात धरला, एक शिवी हासडली, जर्सी काढली आणि बाकावर न बसता सरळ आत निघून गेला. त्याच्या जागी आला 18 वर्षांचा बुकायो साका. चार दिवसांनी झाकानं जाहीरपणे लिहिलं की त्याचे पाय मोडू, बायकोला ठार मारू, मुलीला कॅन्सर होवो, असलं सगळं त्याला ऐकवलं जात होतं. पुढच्या आठवड्यात त्याचं कर्णधारपद गेलं. नोव्हेंबर संपायच्या आत मॅनेजर उनाय एमरी यांची नोकरी गेली. मधल्या फळीचं दुखणं मात्र जिथल्या तिथे राहिलं आणि त्या मोसमात संघ आठवा आला.

पुढचा भाग तर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नवा मॅनेजर मिकेल आर्टेटानं झाकाची समजूत काढून त्याला थांबवून घेतलं. 2022-23 मध्ये त्याला मागच्या कामातून मोकळं केलं आणि डावीकडे पुढे ढकललं. 28 मे 2023 ला वुल्व्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्यानं दोन गोल केले, आणि तेच मैदान त्याला 'जाऊ नकोस' म्हणून गात होतं. तिथून तो जर्मनीतल्या लेव्हरकुसेन क्लबला गेला. पहिल्याच मोसमात त्या संघानं एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकली, आणि जर्मन कपच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल झाकाचा होता. खेळाडू तोच होता. त्याला कुठे उभं करायचं आणि त्याच्या आजूबाजूला कोणाला ठेवायचं, हे ठरवणारी माणसं बदलली होती.

म्हणून त्या डिफेंडरवर तुटून पडण्याआधी ग्रुपवर एवढं तरी विचारा: त्याला विकत घ्यायचं कोणी ठरवलं? तो त्याच्या नेहमीच्या जागेवर खेळतोय का? त्याच्या पुढे कडेनं खेळणारा विंगर बॉल गेल्यावर मागे धावतो का, की दर वेळी याला एकट्यालाच दोघांना अडवायला लागतं? तो दमला किंवा दुखावला तर बाकावर दुसरा कोणी आहे का? एवढं तपासूनही तोच दोषी ठरला तर जरूर म्हणा की त्याचा खेळ या पातळीचा नाही. ते म्हणण्यात काहीच गैर नाही. कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूला त्याचा खेळ वाईट झाला हे ऐकून घेता आलंच पाहिजे.

आता मॅनेजमेंटकडे वळू. 'मालक कंजूष आहेत, पैसे काढत नाहीत' हे वाक्य प्रत्येक क्लबच्या चाहत्यांत असतं. कधी ते खरं असतं, पण पुष्कळदा हिशेब वेगळाच असतो. 100 दशलक्ष पौंडांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर क्लबच्या हिशेबात दर वर्षी 20 दशलक्ष खर्च दिसतो. उलट, क्लबच्या स्वतःच्या प्रशिक्षण अकादमीतून वर आलेला पोरगा विकला तर त्याची जवळजवळ सगळी रक्कम एकदम नफा म्हणून दिसते. घरच्या पोरांना विकायचा क्लबांना एवढा मोह का होतो, हे त्यावरून कळतं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त 105 दशलक्ष पौंडांचा तोटा चालेल असा नियम होता. तो मोडला म्हणून नोव्हेंबर 2023 मध्ये एव्हर्टनचे 10 गुण कापले गेले, अपिलात ते 6 वर आले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गेले. या दोन्ही क्लबांनी पैसा काढला होता, फक्त तो धड खर्च झाला नव्हता. तेव्हा वाद घालायचाच तर 'किती खर्च केला' यापेक्षा 'कोणाच्या सांगण्यावरून आणि कशावर केला' यावर घाला. आजकाल खरेदीची सूत्रं बऱ्याच ठिकाणी स्पोर्टिंग डायरेक्टरच्या हातात असतात, आणि त्याचं नावसुद्धा निम्म्या चाहत्यांना ठाऊक नसतं.

मॅनेजरला वेळ द्या म्हणणारे फर्ग्युसनचं उदाहरण हमखास देतात. ते खरंच आहे. 1986 मध्ये ते मँचेस्टर युनायटेडला आले आणि डिसेंबर 1989 मध्ये त्यांच्याच मैदानावर 'तीन वर्षं सबबी ऐकतोय' अशा अर्थाचा, त्यांना निरोप देणारा फलक झळकला. पुढच्या मे महिन्यात एफए कप आला, आणि 2013 मध्ये निवृत्त होईपर्यंत 13 लीग विजेतेपदं. पण मला हा युक्तिवाद पटत नाही. वेळ देऊनही ज्यांचं काहीच झालं नाही त्या मॅनेजरांची नावं कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून फर्ग्युसन एवढे उठून दिसतात. वेळ किती द्यायचा हे खेळात काय दिसतंय त्यावर ठरवावं. आर्टेटाच्या हाताखाली आम्ही दोनदा आठवे आलो, 2021-22 चे पहिले तीन सामने एकही गोल न करता हरलो आणि गुणतक्त्यात तळाला गेलो. त्या वेळीही मी त्याच्या बाजूनं होतो. कारण सांगता येण्यासारखं होतं. संघ तरुण होत होता, मागून बॉल खेळवत पुढे न्यायची पद्धत पक्की होत होती, आणि शिस्तीच्या बाबतीत मोठ्या नावालाही सूट मिळत नव्हती. त्यानंतर पाचवा, आणि मग लागोपाठ तीनदा दुसरा क्रमांक आला. यातलं काहीच दिसत नसतं तर 'वेळ द्या' म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मग चाहत्यांनी ओरडून काही होतं का? होतं, पण मागणी नेमकी असेल तर. 6 फेब्रुवारी 2016 ला लिव्हरपूलचा सामना सुंडरलँडशी होता. नव्या स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं ठेवायचं क्लबनं जाहीर केलं होतं. 77 व्या मिनिटाला हजारो लोक उठले आणि चालू लागले. तेव्हा लिव्हरपूल 2-0 नं पुढे होतं, सामना संपला 2-2. काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली आणि ती दरवाढ मागे घेतली. पुढच्याच महिन्यात प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा घातली. एका खेळाडूलाही शिवी द्यावी लागली नाही. जर्मनीत 2023-24 च्या हिवाळ्यात लीगनं प्रसारण हक्कांतला वाटा गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं, तेव्हा चाहते बऱ्याच सामन्यांत मैदानावर टेनिस बॉल फेकत राहिले. खेळ थांबायचा, खेळाडू बॉल वेचायचे, पुन्हा खेळ सुरू व्हायचा. फेब्रुवारी 2024 मध्ये लीगनं तो बेत सोडून दिला. एप्रिल 2021 मधली सुपर लीग तर सगळ्यांना आठवत असेल: युरोपातल्या 12 मोठ्या क्लबांनी स्वतःपुरत्या या वेगळ्या स्पर्धेची रविवारी रात्री घोषणा केली आणि मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले होते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे चाहते त्या दोन दिवसांत एका बाजूला होते.

ही सगळी माणसं आपापल्या क्लबविरुद्ध उभी राहिली होती. ती खरे चाहते नव्हती, असं कोण म्हणेल? घरचा आहेर द्यायला आधी घरचं असावं लागतं. जो सगळं मुकाट्यानं गोड मानून घेतो त्याचं प्रेम जास्त, हे मला अजिबात मान्य नाही.

टीव्हीवर बघणाऱ्यानं उंटावरून शेळ्या हाकू नयेत, असाही एक टोमणा तुम्ही लिहिलाय. माझ्यासारख्यांना तो लागतो, म्हणून त्यावर थोडं बोलतो. 2022 पासूनच्या तीन हंगामांत प्रीमियर लीगला परदेशी प्रसारणातून मिळणारा पैसा पहिल्यांदाच देशातल्या प्रसारणाच्या पुढे गेला. तेव्हा लांबून बघणारा काही फुकट्या नाही, त्यानं मत जरूर मांडावं. पण टीव्हीच्या सोयीसाठी सामन्याची वेळ बदलली की शेवटची गाडी चुकते ती स्टँडमधल्या माणसाची. तिकीट वाढलं की खिसा त्याचाच हलका होतो. तिकिटं, वेळा, स्टेडियम या विषयांवर मी आधी त्याचं ऐकतो आणि मग बोलतो.

एका गोष्टीवर मात्र मी कोणाचंच ऐकत नाही. जुलै 2021 मध्ये युरोच्या (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि काही तासांत तिघांवर वर्णद्वेषी घाण ओतली गेली. मे 2023 मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रेआल माद्रिदच्या विनिसियसला जे वर्णद्वेषी ऐकावं लागलं त्याबद्दल वर्षभरानं तिघांना आठ-आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली गेली. हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या 97 चाहत्यांवरून किंवा मँचेस्टर युनायटेडच्या संघाला घेऊन निघालेल्या विमानाच्या म्युनिकमधल्या अपघातात गेलेल्या 23 जणांवरून गाणी म्हणणारेही याच पंगतीतले. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी यातलं काही टाकलं, तर चर्चा करत बसू नका. सरळ बाहेर काढा.

राहिला 'मालकांना हाकला' हा गट. हाकलल्यावर येणार कोण, हे त्यांनी सांगायला हवं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या चाहत्यांनी 2013 मध्ये दिवाळखोरीच्या कडेवरचा क्लब स्वतः वर्गणी काढून विकत घेतला आणि वाचवला. 2017 मध्ये त्यांनीच मतदान करून तो डिस्नीचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांना विकला, कारण जुनं स्टेडियम दुरुस्त करायलाच मोठी रक्कम लागणार होती. 2024 मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत परतला. कार्डिफ क्लबच्या मालकांनी 2012 मध्ये निळ्या जर्सीची लाल केली, आणि चाहत्यांनी पिच्छा पुरवल्यावर 2015 मध्ये निळी परत आणली. मालक तेच राहिले. आता 2025 च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानं इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आला आहे. क्लबचं चिन्ह आणि घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर त्याला बहुसंख्य चाहत्यांचा पाठिंबा आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागणार आहे, आणि सुपर लीगसारख्या स्पर्धेत जाण्याला आडकाठी आहे. तुमचा क्लब तिथला असेल, तर मालक कधी जातील याची वाट बघण्यापेक्षा चाहता संघटनेचं सदस्य व्हा आणि या कायद्याखाली क्लबला काय काय विचारता येतं ते बघून घ्या. पहिला प्रश्न तिकिटांचा घ्या. त्यावर तुमचे तिन्ही गट एका बाजूला येतील, असा माझा अंदाज आहे.