तुझ्या कागदावरचे चौदा कार्यक्रम

प्रभूमध्ये प्रिय मुली,

तुझा कागद मिळाला. आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांपासून, पुनरुत्थानदिनापर्यंतचे (ईस्टरपर्यंतचे) चौदा कार्यक्रम, प्रत्येकापुढे तारीख, वेळ आणि जबाबदार व्यक्ती. आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीत येऊन तुला जेमतेम तीन महिने झालेत. एवढं सगळं तू एकटीने मन लावून केलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. खाली तू विचारलं आहेस, "यात काही राहिलंय का?" राहिलेलं काही नाही. मला तर वाटतं, यातले नऊ कार्यक्रम काढून टाकावेत. सभेत दोन मिनिटांत हे बोलले असते तर तुझं मन दुखावलं असतं आणि मुद्दा तसाच राहिला असता, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या कागदात जबाबदार व्यक्तीचा रकाना आहे, पण "हे कोणी मागितलं?" असा रकाना नाही. वस्त्रवाटप कोण करणार ते लिहिलंय. कपडे कोणाला हवेत, कसले हवेत, ते कुठेच नाही. ही चूक मीही केली आहे, आणि तीही वस्त्रवाटपातच.

मी तुझ्याएवढी असताना आम्ही मंडळीच्या सभागृहात दोन टेबलं जोडून कपडे मांडले होते. सगळे धुतलेले, घड्या घातलेले. घड्या मीच घातल्या होत्या. एक बाई आली, सोबत दोन मुलं. तिने एक शर्ट उचलला, बटणपट्टीवरून वरून खाली बोट फिरवलं आणि परत ठेवला. दुसरा उचलला, तेच. तिसऱ्यालाही तेच. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सुई-दोरा आहे का?" निम्म्याहून अधिक शर्टांना बटणं नव्हती. घड्या घालताना माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं, कारण ते शर्ट माझ्या घरात कोणी घालणार नव्हतं. ती शेवटच्या बाकावर बसली, एका पार विरलेल्या शर्टाची बटणं दाताने तोडून काढली आणि ती दोन बऱ्या शर्टांना लावली. संध्याकाळपर्यंत अकरा शर्ट घालण्याजोगे झाले. पुढच्या शनिवारी ती आली ती बटणांचा डबा घेऊनच. रंगांप्रमाणे वेगळ्या पुड्या बांधलेल्या होत्या.

तिला समितीत घ्यावं असं मी सुचवलं तेव्हा विरोध झाला. ती मंडळीची सभासद नाही, तिला आपल्या रीती माहीत नाहीत, असं म्हणणारी माणसं वाईट नव्हती. तरी त्यात सहा महिने गेले. शेवटी ती बसू लागली आणि पहिल्याच सभेत तिने विचारलं, "शनिवारी सकाळीच का ठेवता? सकाळी आम्ही काम शोधायला जातो." आम्ही आमच्या सवडीची वेळ धरली होती. वेळ बदलून संध्याकाळची केली, तेव्हा कोण कोण येऊ शकत नव्हतं ते आम्हाला पहिल्यांदा कळलं.

रविवारची शाळा हे नाव आपण इतकं सहज उच्चारतो की रविवारच का, हे विचारायचं राहून जातं. 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी ती चालवायला घेतली, तेव्हा गरिबांची मुलं आठवड्याचे सहा दिवस कामावर असत. मोकळा दिवस तेवढा रविवारचा. म्हणून अक्षरओळख, वाचन, पवित्र शास्त्र, सगळं त्याच दिवशी. मुलांच्या वेळेप्रमाणे शाळेची वेळ ठरली.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला सहावा अध्याय आपण सेवकांच्या नेमणुकीच्या उपासनेत वाचतो. तो यावेळी घरी नीट वाच. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली. पहिल्याच मंडळीत, प्रेषितांच्या डोळ्यांसमोर, हे घडत होतं. मग सात जण निवडले, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने गाऱ्हाणं आलं, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप सोपवलं गेलं, असा मी त्याचा अर्थ लावते. तुझ्या समितीत आज अशी किती माणसं आहेत? मदत घ्यायला येणाऱ्यांपैकी निदान दोघांना खुर्ची मिळाल्याशिवाय वस्त्रवाटपाची तारीख पक्की करू नकोस.

आता घोषणांविषयी. रविवारच्या उपासनेत अर्पणानंतर आणि शेवटच्या गीतापूर्वी तुला तीन मिनिटं मिळतात. मागच्या रविवारी तू अभ्यासवर्गाची घोषणा वाचलीस आणि शेवटी म्हणालीस, "तरी सर्वांनी सहकार्य करावे." सगळ्यांनी मान डोलावली आणि कोणीच पुढे आलं नाही. यात लोकांचा दोष मला दिसत नाही, कारण सर्वांना म्हटलं की ते कोणालाच लागू होत नाही. असं वाच: "मंगळवारी सहा ते सात या वेळेत आठवीचं गणित शिकवू शकतील अशी दोन माणसं हवी आहेत, मार्च संपेपर्यंत. उपासना संपल्यावर मी उजव्या दाराशी उभी आहे." कोणीतरी नक्की येईल. एकच आलं तर पुढच्या रविवारी "आता एक हवं" असं वाच.

घोषणेत किती ताकद असते ते मला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या बस-बहिष्काराने शिकवलं. 1 डिसेंबर 1955, गुरुवार. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली. जो अ‍ॅन रॉबिन्सन नावाच्या कॉलेजातल्या प्राध्यापिकेने त्याच रात्री जागून हजारो पत्रकं छापली. काय घडलं, सोमवारी काय करायचं, बस नाही तर कामावर कसं जायचं, एवढंच त्यात होतं. रविवारी, 4 तारखेला, कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांमधून पाळकांनी ते सांगितलं. सोमवारी बसगाड्या कृष्णवर्णीय प्रवाशांवाचून धावल्या. त्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा भरली आणि बहिष्कार पुढे चालू ठेवायचं ठरलं. तिथले पाळक मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा 26 वर्षांचे होते. त्यांचं त्या रात्रीचं भाषण जगाला ठाऊक आहे. मला मात्र त्याच्या पुढचे 381 दिवस जास्त जवळचे वाटतात. एवढी माणसं रोज कामावर पोचवायची तर कोणाची गाडी कुठून, किती वाजता, कोणाला घेऊन जाणार, हे बसवावं लागलं. मंडळ्यांच्या नावावर गाड्या घेतल्या गेल्या. संध्याकाळी चर्चमध्ये गीतं आणि प्रार्थना, सकाळी गाड्यांचं वेळापत्रक. तीच माणसं दोन्हीकडे होती. "आपण उपासनेचं बघू, समाजाचं काम दुसरे करतील" असं तुला आपल्यातलंच कोणी म्हणालं, तर वाद घालू नकोस, हे सांग.

नऊ कार्यक्रम काढ म्हणते त्यामागे माझी एक बोचणी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमचा अभ्यासवर्ग छान चालला होता. परीक्षेचा महिना आला, शिकवणाऱ्यांच्या स्वतःच्या मुलांच्याही परीक्षा होत्या, म्हणून तीन आठवडे वर्ग बंद ठेवायचं मी ठरवलं. येणाऱ्या मुलांना निरोप द्यायचा मात्र राहिला. चौथ्या आठवड्यात कुलूप काढलं तर दाराखालून आत सरकवलेली एक वही पायाशी आली. शेवटच्या पानावर सहा गणितं होती, दोन अर्धवट सोडवलेली. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, "बाई, इथपर्यंत आलं." तोवर परीक्षा होऊन गेली होती. तो मुलगा पुन्हा आला नाही. त्याच्या घराचा पत्ता माझ्याकडे नव्हता, कारण पत्ते लिहून घ्यायचं मला सुचलंच नव्हतं.

म्हणून म्हणते, पाच ठेव, पण त्यांची वेळ मोडू नकोस. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांततेसाठी प्रार्थना होत असे. कित्येक सोमवारी मोजकीच माणसं असत. पण दार पाच वाजता उघडत असे. 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारी प्रार्थनेनंतर सुमारे 70,000 लोक तिथल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध शहराच्या रस्त्यांवरून शांतपणे चालले आणि एकही गोळी झाडली गेली नाही. कुठे जमायचं आणि कधी, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं. सात वर्षं कोणीतरी दर सोमवारी तिथे होतं, म्हणून.

रक्तदान यादीत ठेव, मात्र नाताळच्या आठवड्यात नको. तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात, आणि सणाला सगळेच शिबिरं घेतात. रक्तपेढीला विचार, तुम्हाला तुटवडा कधी पडतो? त्या महिन्यात घे, मग तो कागदावर कितीही गैरसोयीचा दिसो. वृक्षारोपण काढ. रोपाला पुढची दोन वर्षं पाणी घालणारं माणूस तुझ्या यादीत नाही. आजाऱ्यांच्या भेटी ठेव, आणि त्या भेटींना तरुण संघातल्या मुलांनाही घेऊन जा. जाताना भाषण नको. बसावं, ऐकावं, विचारून प्रार्थना करावी.

"विचारून" हा शब्द मी मुद्दाम लिहिला. कपडे घेणाऱ्याने, अभ्यासवर्गाला येणाऱ्याने प्रार्थनेला थांबलंच पाहिजे, असा नियम तुझ्या हातून कधी होऊ देऊ नकोस. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही. त्याने जखमा बांधल्या, सराईवाल्याला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असंही सांगितलं. हे परत येणं आपण वाचताना सोडून देतो. आपण प्रार्थना करतो हे लपवायचंही काही कारण नाही. दार उघडं ठेवावं, कोणाला बसावंसं वाटलं तर जागा असावी. मदत घेताना कोणाच्याही चेहऱ्याचा फोटो काढू देऊ नकोस, अहवालासाठीसुद्धा नाही. आणि मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत. यावर कोणी रागावलं तरी माघार घेऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण खजिनदार तुला ते शिकवतीलच. 1523 मध्ये जर्मनीतल्या लायस्निग गावच्या मंडळीने गरिबांसाठी सामायिक पेटी ठेवली. तिच्या नियमांना धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. त्या पेटीला चार निराळी कुलुपं होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावातल्या नागरिकांकडे आणि एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघं आल्याशिवाय पेटी उघडत नसे. तुझ्या निधीची दुसरी किल्ली बटणं शिवणाऱ्या एखाद्या बाईकडे असावी, असं मला मनापासून वाटतं. ज्याला पैशाची गरज कशी असते ते माहीत आहे, ते माणूस हिशेब फार बारकाईने बघतं.

आगमनकाळाची संध्याकाळ ठेवलीस ते बरं केलंस. तुझ्या चौदांपैकी मला ती सर्वांत आवडली. आगमनचक्राची गोष्ट तुला ठाऊक आहे का? योहान हिन्रिख विखर्न या धर्मशिक्षकाने 1833 मध्ये हाम्बुर्गजवळ निराधार मुलांसाठी घर काढलं. तिथली मुलं डिसेंबरात रोज विचारायची, नाताळ आला का, किती दिवस राहिले? 1839 मध्ये त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान लावायची, रविवारी मोठी. आता मुलांना स्वतःच दिवस मोजता येऊ लागले. ते चक्र पुढे जगभरच्या चर्चमध्ये गेलं. आपल्या वेदीजवळही ते लागतं.

म्हणून त्या संध्याकाळी व्याख्यान ठेवू नकोस. अभ्यासवर्गातल्या मुलांना विचार त्यांना काय हवंय, आणि पहिली मेणबत्ती त्यांच्यातल्या कोणाला तरी लावू दे. वेळ त्यांच्या आईवडिलांना विचारूनच ठरव.

नव्या रकान्यासह कागद पुन्हा लिहून गुरुवारी आण. त्याआधी त्या मुलांचे पत्ते एका वहीत उतरवून घे. वही माझ्याकडे आहे, कोरी, कधीची ठेवून दिली आहे. मंगळवारी वर्गाला येते तेव्हा देईन.

तुझी,
मावशी